जीव भांड्यात

सूर्य अकरा तारखेपासून रजेवर.
किरुनात आता दिवस म्हणजे
दुपारी बाराला बर्फावर पडणारी निळसर शंका.
माझ्या बैठकीच्या खोलीत मात्र दहाच्या ठोक्याला उजाडतं:
चारशे लिटर समुद्र, पंचवीस अंश,
काचेवर बोट टेकवलं तर ऊब लागते.

हे एव्हर्टचं खूळ.
तो लुलिओला गेला, कुत्री नेली, गाडी नेली,
समुद्र तेवढा जिन्यावरून उतरवता येईना.

सोमवारी मशाल-प्रवाळाचं एक तोंड मिटलं.
सात तोंडं त्याला; म्हटलं, एखादं झोपलं असेल.
मंगळवारी त्यावर तपकिरी शेंबूड,
आणि खाली पांढरं, अगदी ओळखीचं पांढरं.
एकतीस वर्षं मी इस्पितळात एक्स-रे काढले,
हाड कुठेही भेटलं तरी ओळख देतं.

प्रवाळाला विचारता येत नाही, कुठं दुखतंय,
कधीपासून, जेवणाआधी की नंतर.
जीभ बघावी तर ते सगळंच जीभ.
नाडी आहे, पण ती पंपाची.
मग पाण्यालाच विचारलं.
काचेच्या नळीत पाच मिली,
थेंब थेंब औषध, निळ्याचं पिवळं होईपर्यंत.
क्षारता बरी. कॅल्शियम चारशे वीस. नायट्रेट बरं.
खारटपणाची ती छोटी दुर्बीण डोळ्याला लावली:
पस्तीस. एव्हर्टचा लाडका आकडा.
कागदावर रोगी ठणठणीत.
असे रोगी आम्ही पुष्कळ पाहिलेत,
आणि पोचवलेत.

रात्री सव्वाला खाणीत सुरुंग उडाला,
घर नेहमीसारखं एकदा दचकलं,
पाण्यावर एक सुरकुती,
आणि दुसऱ्या तोंडानं हात आत ओढले.
सुरुंगावर संशय घ्यायला आमच्याकडे कुणालाच आवडतं,
खाणीपायी अख्खं गाव उचलून पलीकडे ठेवतायत.
पण सुरुंग तर ते या घरात आल्यापासून ऐकतंय.

तेव्हा आठवलं, फिल्म काळी आली की
शिकाऊ पोरांना मी काय सांगायचे:
आधी यंत्राला आडवं करा टेबलावर.

स्वयंपाकाचा काटा. साडेछत्तीस ग्रॅम मीठ,
नऊशे साडेत्रेसष्ट ग्रॅम शुद्ध पाणी. एक थेंब.
दिसायला हवं होतं पस्तीस.
दिसलं चाळीस.
दोनदा पुसून पाहिलं. चाळीस.
म्हणजे माझा समुद्र तिसावर;
तो गेल्यापासून तीन वर्षं
मी त्याच्या दुर्बिणीच्या शब्दावर पाणी ओतत होते.

शेंबूड नळीनं बादलीत ओढला.
मेलेली तोंडं करवतीनं कापली, जित्या मांसाच्या बोटभर खाली,
सांगाडा खडूसारखा करकरला.
मुरंब्याच्या काचेच्या भांड्यात टाकीचंच पाणी,
त्यात फिक्या चहाइतकं आयोडीन.
जीव भांड्यात पडला म्हणतात ते सुटकेनं;
हा पडला तेव्हा मी घड्याळ लावलं, पंधरा मिनिटं,
आणि खुर्ची ओढून बसले.

वरच्या मजल्यावरचा याल्मार किल्ली मागायला आला.
‘दगडाला आंघोळ का घालतेस?’
खाणीतला माणूस तो, दगड ओळखतो.
अर्धं बरोबरच होतं त्याचं.

आजार म्हणे हत्तीच्या पावलानं येतो, मुंगीच्या पावलानं जातो.
हा तर येतानाच मुंगीच्या पावलानं आला,
माझ्या डोळ्यासमोरून, रोज, बरोबर आकड्यानिशी.
मीही घाई केली नाही. दिवसाला अर्धा अंश.
मीठ विरघळायचं, ढवळायचं, वाट बघायची.

सातातली तीन वाचली.
चौथं अजून ठरवतंय:
सकाळी एक हिरवं टोक बाहेर, दुपारी आत.

रविवारी एव्हर्टचा फोन, कुत्र्यांच्या भुंकण्यासकट.
हवा. पाय. मग सहज म्हणून,
‘पाणी पस्तीसवर आहे ना?’

आता आहे, म्हटलं.